साडेदहा वाफे

पुरवणी जबाब
दिनांक २७ डिसेंबर २०२४, वेळ सकाळी ११.२०

नाव : भरतेश आप्पासाहेब बिरनाळे. वय : ५३ वर्षे. शिक्षण : बारावी. धंदा : शेती. राहणार : आष्टा, मळा भाग, ता. वाळवा, जि. सांगली.

मी वरील नावाचा इसम आज बोलावणे नसताना ठाण्यात आलो आहे. समक्ष सांगतो की, माझ्या विहिरीत दिनांक ८ डिसेंबर २०२४ रोजी विजेचा धक्का बसून मयत झालेले रमजान हुसेन नदाफ, वय ४७, यांच्या मृत्यूबाबत मी दिनांक ९ रोजी एक जबाब दिला होता. त्यात तीन गोष्टी खोट्या आहेत. त्या दुरुस्त करण्यासाठी हा जबाब देत आहे. पुढे त्यांना मयत असे न लिहिता रमजान असेच लिहावे अशी मी विनंती केली, ती मान्य झाली.

रमजान एकोणीस वर्षे माझ्याकडे कामाला होता. आम्ही ऊस करतो, पण सोयाबीन निघालेल्या दीड एकरात दरवर्षी गहू घालतो. गव्हाला खत विस्कटायचे काम रमजानशिवाय दुसऱ्याकडे दिलेले नाही. तो कमरेला धोतराचा तुकडा बांधून त्याच्या ओटीत युरिया घ्यायचा आणि तीन पावलाला एक मूठ टाकत जायचा. ओटी संपली की जवळ ठेवलेल्या पाटीतून परत भरायचा. एका पोत्यात किती वाफे बसतील हे तो आधी सांगायचा आणि तेवढेच बसायचे.

यंदा गहू १७ नोव्हेंबरला पेरला. ८ डिसेंबर हा एकविसावा दिवस. गव्हाला पहिला युरिया त्या सुमारास द्यावा लागतो आणि लगोलग पाणी द्यावे लागते, नाहीतर खत वाया जाते. शेतात एकूण चौदा वाफे आहेत. त्या दिवशी माझा पुतण्या अतिशय याचा साखरपुडा सातारा येथे होता. मी सकाळी सात वाजता रमजानला युरियाची पोती काढून दिली आणि सांगितले की, दुपारपर्यंत विस्कटून घे, पाणी मी तिथून फोनवर चालू करतो. त्यानंतर मी, माझी पत्नी कस्तुरी व मेव्हणे जवाहर चौगुले असे गाडीने सातारला गेलो.

फोनवर चालू करतो म्हणजे काय ते सांगतो. विहिरीवरच्या पेटीत मोबाईल स्टार्टर बसवला आहे. लाईट गेली की आणि आली की तो माझ्या फोनवर कॉल करतो. आली असेल तर एका बाईचा आवाज येतो, "वीज आली आहे. मोटर सुरू करण्यासाठी एक दाबा." मी एक दाबला की मोटर चालू होते. पेटीत एक खटका आहे. तो 'मोबाईल'वर असला तर मी दाबल्याशिवाय मोटर चालू होत नाही. 'ऑटो'वर असला तर लाईट आल्यावर मोटर आपोआप चालू होते. पेटीला कुलूप आहे. चोरीची भीती असल्याने किल्ली मी माझ्याजवळ ठेवतो. रमजानला ती मी कधी दिली नाही. एकोणीस वर्षांत त्याने मागितलीही नाही.

मोटरच्या केबलला विहिरीच्या तोंडाजवळ एक जोड होता. दिवाळीच्या आधी केबल तुटली, तेव्हा वायरमनला न बोलावता तो जोड मी स्वतः मारला होता. टेप साधी वापरली होती.

दिनांक ८ रोजी दुपारी बाराच्या पुढे लाईट गेल्याचा कॉल मला आला. त्यानंतर १ वाजून ५ मिनिटांनी रमजानचा फोन आला. पहिल्या जबाबात मी असे लिहून दिले आहे की, त्याचा मला फोन आला नव्हता व विहिरीवर त्याचे काही काम नव्हते. हे खोटे आहे. फोन आला होता. आम्ही जवळपास दोन मिनिटे बोललो. त्याचे बोलणे मला जसे आठवते तसे सांगतो.

तो म्हणाला, "अण्णा, साडेधा वाफं झालं. लाईट गेलीया. केबलच्या जोडाची टेप सुटलीया, जोड पान्याला टेकाय लागलाय."

मी म्हणालो, "मग?"

तो म्हणाला, "लाईट न्हाई तवर वर वढून टेप मारतो. ऱ्हायलेलं वाफं मागनं करतो. आन् अण्णा, मी फोन करस्तवर बटन दाबू नका."

मी म्हणालो, "बरं. बघून कर."

मग त्याने विचारले, "जेवला का?" मी म्हणालो, "पंगत बसायलीय आत्ता." तो म्हणाला, "बसा, बसा." आणि फोन ठेवला.

मंगल कार्यालयात सनई चालू होती. फोनवर नीट ऐकू आले नाही असे मी नंतर मेव्हण्यांना सांगितले होते. ते खरे नाही. मी फोन घेऊन बाहेर पायऱ्यांवर गेलो होतो. मला सगळे ऐकू आले.

मी आत जाऊन पंगतीला बसलो. शेजारी मुलीकडचे एक पाहुणे होते. ते म्हसवडकडचे, त्यांच्याकडे पाण्याची ओढ. बोलणे पाण्यावरूनच चालले होते. १ वाजून ३१ मिनिटांनी स्टार्टरचा कॉल आला. पाहुण्यांना ऐकू जावे म्हणून मी फोनचा आवाज मोठा केला. ती बाई नेहमीप्रमाणे बोलली. पाहुणे म्हणाले, "आयला, हितं बसून?" मी म्हणालो, "हितं बसून." माझा उजवा हात उष्टा होता. मी डाव्या हाताने एक दाबला. पाहुणे हसले. समोरच्या बायकांच्या रांगेतून कस्तुरीने माझ्याकडे बघितले. मोटर सुरू झाल्याचा आवाज फोनवर आला. मी आणखी दोन जिलब्या घेतल्या.

रमजानने काय सांगितले होते ते मला हात धुताना आठवले. तेव्हा १ वाजून ५० मिनिटे झाली होती. मी लगेच फोनवरून मोटर बंद केली आणि रमजानला फोन लावला. बेल वाजत होती. मी सहा वेळा लावला. त्यानंतर शेजारचे शेतकरी लालासाहेब यांना फोन करून विहिरीवर जाऊन बघण्यास सांगितले. त्यांनी वीस मिनिटांनी फोन केला. मी "लालासाहेब, लालासाहेब" असे म्हणत होतो. मग ते म्हणाले, "अण्णा, या."

आम्ही जेवणे टाकून निघालो. गाडी जवाहर चालवत होते. कराडच्या पुढे आल्यावर ते म्हणाले, "तुमी दाबलं हे कुणाला म्हाईत हाय?" मी म्हणालो, "कस्तुरीला. पाव्हण्यांनी बघितलं, पर त्यास्नी ह्यातलं काय म्हाईत न्हाई." ते म्हणाले, "ती घरचीच हाय." कस्तुरी मागच्या सीटवर होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा रमजानला दवाखान्यात नेलेले होते. विहिरीवर कोणी नव्हते. संध्याकाळी सहाच्या सुमारास मी पेटीचे कुलूप काढले आणि खटका 'मोबाईल'वरून 'ऑटो'वर केला. पुन्हा कुलूप लावले. दुसऱ्या दिवशी पंचनामा करताना खटका ऑटोवर मिळाला, तो असा. मोटर आपोआप चालू झाली हे मी दिलेले दुसरे खोटे. जवाहर त्या वेळी बांधावर उभे होते, पण खटक्याला हात फक्त माझा लागला आहे. त्यांच्यावर काही येऊ नये.

तिसरे खोटे असे की, विहिरीच्या पायरीवर रमजानची पक्कड आणि ब्लेड सापडले, ते त्याने कशासाठी आणले होते हे मला माहीत नाही असे मी सांगितले. मला माहीत होते. जोडाची जुनी टेप काढायला ब्लेड लागते. नवीन टेप पाण्यात पडली होती, म्हणून पंचनाम्यात ती आली नाही. दिनांक ११ रोजी पाणी खाली गेले तेव्हा ती मला एरवी पाण्याखाली असणाऱ्या तिसऱ्या पायरीवर दिसली. ती मी काढून शेडमध्ये खताच्या पोत्यामागे ठेवली. तो टेपचा गुंडाळा आज हजर करीत आहे. त्यातली अंदाजे वीतभर टेप वापरलेली आहे.

मी काम नव्हते असे म्हटल्यामुळे आणि पक्कड, ब्लेड सापडल्यामुळे गावात बोलणे सुरू झाले की, रमजान केबल कापून तांबे काढायला गेला होता. आमच्या भागात केबलचोऱ्या होतात, त्यामुळे लोकांना ते लगेच पटले. चहाच्या गाड्यावर माझ्यादेखत एकजण म्हणाला, "एकोनीस वर्सं विश्वासानं ठिवला, आन् बघा." मी चहा पीत होतो. मी चहा पिऊन झाल्यावर तिथून निघालो.

दफनाच्या वेळी मी गेलो होतो. मी माती दिली.

स्टार्टरला अजून लाईट आहे. केबल काढून टाकली आहे, मोटरही वर घेतली आहे, पण पेटी आहे आणि तिच्यातले सिम चालू आहे. त्यामुळे रोज लाईट आली की मला कॉल येतो. हा कॉल मी बंद करू शकतो. मी केलेला नाही. फोन वाजला की मी उचलतो, ती बाई बोलते आणि मी काही न दाबता ती थांबेपर्यंत फोन कानाला धरून ठेवतो. कस्तुरीने त्या दिवसापासून माझ्या फोनला हात लावलेला नाही. तो वाजला की ती आतल्या खोलीत जाते.

आता गव्हाचे सांगतो. जो युरिया पडला होता तो तरी लागू पडावा म्हणून लालासाहेबांनी दिनांक १० रोजी स्वतःच्या विहिरीचे पाणी चौदाही वाफ्यांना दिले. मी सांगितले नव्हते. आठ दिवसांनी गव्हाचा रंग फिरला. पहिले दहा वाफे काळपट हिरवे झाले. अकरावा वाफा निम्म्यापर्यंत हिरवा आणि पुढे पिवळा. शेवटचे तीन वाफे पूर्ण पिवळे. अकराव्या वाफ्यात हिरवे जिथे संपते ती रेघ सरळ नाही. अर्धवट मूठ पडल्यासारखी ती एका बाजूला वाकलेली आहे. तिथून दोन हातांवर रमजानने पाटी ठेवली होती. ती नंतर कलंडली आणि तिच्यातला युरिया एकाच जागी सांडला. तेवढा गहू जळून परातीएवढे गोल पडले आहे. हे सगळे रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसते. ज्याने एकदा तरी गव्हाला खत टाकले आहे, त्याला ते वाचता येते.

राहिलेल्या वाफ्यांना युरिया टाकायला मी तीन माणसांना सांगितले. कोणी आले नाही. मी स्वतः दिनांक २२ रोजी सकाळी सात वाजता पाटी घेऊन गेलो. धुके दाट होते. अकराव्या वाफ्यात मला माणूस दिसला. कमरेला ओटी होती. तो तीन पावले चालायचा आणि हात फिरवायचा. रेघेपर्यंत आला आणि विहिरीकडे बघत थांबला. मी "रमजान" अशी हाक मारली. त्याने वळून बघितले नाही. थोड्या वेळाने ऊन आले तेव्हा तिथे कोणी नव्हते. ही गोष्ट जबाबात घेण्यासारखी नाही असे लिहून घेणारे साहेब म्हणाले. मी ती घ्या म्हणालो, कारण मी युरिया न टाकता परत आलो त्याला दुसरे कारण नाही.

दिनांक २५ रोजी दुपारी चारच्या सुमारास रमजानची पत्नी सलिमा आणि मुलगी आयेशा शेतावर आल्या. घटनेनंतर त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. आयेशा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बसमध्ये कोणीतरी तिला केबलचोराची पोरगी म्हणाले, तेव्हापासून ती कॉलेजला जात नाही, हे मला लालासाहेबांकडून कळले होते. सलिमा वहिनींनी स्वतः बारा-पंधरा वर्षे शेतात काम केले आहे. त्या बांधावरून चालत एकेक वाफा बोटाने मोजत गेल्या. अकराव्याला थांबल्या. जळालेल्या गोलाजवळ बसल्या आणि त्यातली वाळलेली काडी उपटून हातात घेतली.

त्या म्हणाल्या, "अण्णा, पाटी हितं भरून ठिवली हुती न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय."

"म्हंजी परत येनार हुते. चोरी कराय जानारा मानूस पाटी भरून ठिवून जातो व्हय?"

काडी हातात धरूनच त्या पुढे म्हणाल्या,

"तुमाला फोन केला आसंल की त्येंनी. तुमाला सांगितल्याबिगर त्यो मानूस तुमच्या हिरीचं पानी बी प्याचा न्हाई. काय म्हनले हुते?"

मी म्हणालो, "मला काही फोन आला नव्हता, वहिनी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग "बरं" म्हणून उठल्या आणि पदर झाडून चालू लागल्या. आयेशा मागे राहिली. तिने मोबाईलवर गव्हाचे फोटो काढले, पहिल्या वाफ्यापासून शेवटच्या वाफ्यापर्यंत. मग ती मला म्हणाली, "काका, अब्बांच्या फोनमधी तुमचा नंबर हाय. एक वाजून पाच मिनिटं." एवढेच बोलून ती आईच्या मागे गेली. तिने तो फोन तोपर्यंत कोणाला दाखवला नव्हता. मी आपण होऊन सांगेन याची ती वाट बघत होती की काय, हे मला माहीत नाही. मी तिला विचारलेले नाही.

काल दिनांक २६ रोजी दुपारी मी रमजानच्या घरी गेलो. सलिमा वहिनी सुपात तांदूळ निवडत होत्या. मी उंबऱ्याच्या बाहेर बसून फोनपासून खटक्यापर्यंत सगळे सांगितले. त्यांचा हात मध्ये एकदा थांबला, रमजानने मला "जेवला का?" असे विचारले, हे मी सांगत होतो तेव्हा. नंतर पुन्हा चालू झाला. माझे सांगून झाल्यावर मी म्हणालो, "वहिनी, मला माफ करा."

त्या म्हणाल्या, "त्ये मागनं. आदी जितं खोटं लिवलंय तितं जाऊन खरं लिवा."

आज सकाळी मी घरातून निघालो तेव्हा जवाहर दारात आडवे उभे होते. ते म्हणाले, "दाजी, इमा, कोर्ट, अतिशयचं लगीन, काय बी इचार करा." कस्तुरी स्वयंपाकघरातून आली, तिने माझ्या हातात टोपी दिली आणि भावाला म्हणाली, "जाऊ दे त्यांना." ती माझ्याशी थेट बोललेली नाही.

माझी एक विनंती आहे. गव्हाला आता चाळीस दिवस झाले आहेत. ओंब्या बाहेर पडल्या की रंगातला फरक कमी होत जाईल आणि पीक पिवळे पडायला लागल्यावर सगळे वाफे सारखे दिसतील. नंतर कोणी बघायला आले तर काही कळणार नाही. म्हणून या चार-आठ दिवसांत पंच घेऊन यावे, वाफे मोजावेत आणि फोटो काढावेत. राहिलेल्या वाफ्यांत मी युरिया टाकलेला नाही आणि टाकणार नाही. माझा फोन तपासासाठी देत आहे. पेटीची किल्लीही देत आहे.

रमजान विहिरीवर चोरी करायला गेला नव्हता. तो माझा जोड नीट करायला गेला होता. काय करतो ते त्याने मला सांगितले होते आणि काय करू नका तेही सांगितले होते. लाईट आल्यावर मोटर आपोआप चालू झाली नाही. ती मी चालू केली.

हा जबाब द्यायला मला कोणी भाग पाडलेले नाही. देऊ नको म्हणणारे घरात आहेत. त्याने माझ्यावर काय कारवाई होऊ शकते हे मला समजावून सांगण्यात आले आहे व ते मला समजले आहे.

जबाब वाचून दाखवताना सलिमा रमजान नदाफ यांना आत बोलवावे अशी मी विनंती केली. त्या सकाळपासून व्हरांड्यातल्या बाकावर बसून होत्या. त्यांना खुर्ची दिली, पण त्या उभ्याच राहिल्या. संपूर्ण जबाब मोठ्याने वाचण्यात आला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो लिहिला आहे, त्यात कमी-जास्त करायचे नाही.

वाचून झाल्यावर सलिमा नदाफ यांनी विचारले, "सायेब, ह्येचा एक कागद मिळंल का? पोरीला वाचाय द्याचाय."

तशी नक्कल त्यांना देण्यास माझी हरकत नाही.

समक्ष सही
भरतेश आप्पासाहेब बिरनाळे